निव्वळ शून्य ऊर्जेचा ताळेबंद : बुलिट सेंटरच्या निमित्ताने

'निव्वळ शून्य ऊर्जा' हे बिरुद अनेकदा इमारत वापरात येण्यापूर्वीच तिला बहाल केले जाते. अमेरिकेतील सिएटल येथे २०१३ साली खुली झालेली बुलिट सेंटर ही सहामजली कार्यालयीन इमारत याला अपवाद ठरते. तिच्या छतावरील ५७५ सौर पॅनेल उन्हाळ्यात जादा वीज ग्रीडला देतात. ढगाळ हिवाळ्यात मात्र ग्रीडचीच वीज घ्यावी लागते. म्हणजेच येथील शून्य हे स्वावलंबन नसून वार्षिक ताळेबंद होय. शिवाय मजले वाढले तरी छत वाढत नाही. म्हणून छत भिंतींबाहेर न्यावे लागले आणि भाडेकरूंना वीजवापराची मर्यादा आखून द्यावी लागली. 'लिव्हिंग बिल्डिंग' प्रमाणपत्रही प्रत्यक्ष वापरातील कामगिरी तपासूनच २०१५ मध्ये मिळाले. तात्पर्य, अशा इमारतींचे मूल्यमापन नकाशावरून नव्हे, तर मीटरवरील नोंदींवरून व्हावे.