लिव्हिंगस्टनचा शेरा आणि शरणपूरची शाळा

शाळेवर रिसर्च करायचा म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये दोन ठरलेली प्रकरणं येतात. एक ‘शैक्षणिक कार्यक्रम’, दुसरं ‘प्रशासन’. पहिल्यात विषय, तासिका, निकाल. दुसऱ्यात संस्था, समिती, मुख्याध्यापक. दोघांची गाठ शेवटपर्यंत पडत नाही. ही मांडणी कुठे फसते ते आज नाशिकच्याच एका शाळेवरून बघू. त्यासाठी एक गाजलेलं साधन तपासायला घेतलंय: डेव्हिड लिव्हिंगस्टनची अखेरच्या प्रवासातली रोजनिशी. होरेस वॉलरने संपादित केलेली ही रोजनिशी 1874 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज आपण ज्याला शरणपूर रोड म्हणतो, त्या नावातलं शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदल गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांतून सोडवलेली बरीच आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे आली. त्यांना इंग्रजी लिहिणं-वाचणं, बायबल आणि जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात. 1865 मध्ये लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि आपल्या मोहिमेसाठी त्याने इथली नऊ मुलं निवडली. इंग्रजी लेखनात ती ‘नासिक बॉइज’ म्हणूनच ओळखली जातात.

आता मुद्द्याचं पान. 1866 मध्ये मोहीम आजच्या मोझांबिकच्या उत्तर भागात असताना त्या नऊपैकी अब्राहमला त्याचा मामा भेटला. मामाने सांगितलं की अब्राहमच्या मागोमाग त्याची आई आणि बहिणीही विकल्या गेल्या. इथेच राहा, असा मामाने आग्रह केला, लिव्हिंगस्टननेही केला. अब्राहमने नकार दिला. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून करू काय, एवढंच त्याचं म्हणणं. त्यावर लिव्हिंगस्टन दोन गोष्टी नोंदवतो. कोणी युरोपियन येऊन वसल्याशिवाय ही मुलं इकडे स्थायिक होणार नाहीत. आणि त्यांना साध्या पद्धतीची शेती शिकवली असती तर जास्त बरं झालं असतं.

बघा, शेरा थेट अभ्यासक्रमावर आहे. शाळेच्या इतिहासात ‘प्रत्यक्ष अनुभवातून आलेलं मूल्यमापन’ म्हणून तो उद्धृत करायचा मोह कोणालाही होईल. पण तो तसाच उचलता येत नाही. माझ्या मते त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण सॅम्पलची. नऊ मुलं, तीही मोहिमेच्या गरजेनुसार निवडलेली, आणि निरीक्षण ओझी, आजारपण आणि उपासमारीच्या वाटेवरचं. आम्ही सायन्सवाले याला सिलेक्शन बायस म्हणतो. एवढ्या आधारावर शाळेचा निकाल लावता येत नाही.

दुसरी अडचण कार्यकारणाची. अब्राहमने नकाराचं कारण स्वतः सांगितलंय आणि त्यात शेतीचा संबंधच नाही. नांगर धरता येत असता तरी आई परत आली नसती. लिव्हिंगस्टनने उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण निष्कर्ष काढताना त्याने ते बाजूला ठेवलं. डेटा एक सांगतो आणि डिस्कशन दुसरंच, असा हा प्रकार.

तिसरी अडचण यशाच्या व्याख्येची. ‘मुलं आफ्रिकेत वसली तर शिक्षण यशस्वी’ हे लिव्हिंगस्टनने गृहीतच धरलंय. दुसरा निकष लावून बघा. 1 मे 1873 च्या सुमारास चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. तेव्हा नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट सोबत होता. सामानाची यादी त्याने केली, अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावरचा मजकूर त्याने कोरला. शिवाय स्वतःची डायरीही लिहिली. पुढे शवपेटीबरोबर तो इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यसंस्काराला हजर होता. म्हणजे जे पुस्तकी शिक्षण अपुरं वाटलं, त्यातूनच त्या मृत्यूची लेखी नोंद झाली.

पण थांबा. यावरून ‘म्हणजे शाळा उत्तमच होती’ असं म्हणू नका. ती उलटी चूक होईल. वेनराइटची हुशारी दाखवून अब्राहमचा प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न कारभाराचा आहे. मुलं सोपवली सरकारने, शाळा चालवली मिशनने, मोठे निर्णय लंडनच्या सोसायटीचे. नावंसुद्धा संस्थेने दिलेली: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. ही आडनावं मिशनऱ्यांची आहेत. मुलांनी मोठेपणी काय व्हायचं, कुठे राहायचं, हे ठरवणारे वेगळे होते. 1874 मध्ये शरणपूरचे जुने प्रमुख विल्यम प्राइस यांना सोसायटीने पूर्व आफ्रिकेत पाठवलं. मोंबासाजवळ फ्रिअर टाउन उभं राहिलं आणि नाशिकला शिकलेले कितीतरी जण तिथे गेले. गावाला नाव मिळालं ते बार्टल फ्रिअर या मुंबईच्या माजी गव्हर्नरचं. अब्राहमचा नकार इतका महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. एवढ्या सगळ्या व्यवस्थेत एक विद्यार्थी ‘नाही’ म्हणाला आणि ते कागदावर आलं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना ती दोन प्रकरणं एकत्र आणा. शाळा 1860 ची असो की आजची, मिशनची असो की आपल्या गल्लीतल्या संस्थेची, अभ्यासक्रमातल्या प्रत्येक विषयाला तीन प्रश्न विचारा. हा विषय कोणी ठरवला? त्याचा खर्च कोणी केला? आणि विद्यार्थ्याला किंवा पालकांना नको म्हणायचं असेल तर ते कुठे नोंदवलं जातं? माहितीपत्रकात पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडेल, हिशेबाच्या वह्यांत दुसऱ्याचं. तिसऱ्यासाठी सभांची इतिवृत्तं, तक्रार अर्ज, शाळा सोडल्याचे दाखले चाळावे लागतील. चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात जतन केलेली आहेत. नाशिकवर काम करायचं असेल तर तिकडे हा तिसरा प्रश्न घेऊन जा. शेरे शोधू नका, ते आयते मिळतात. नकार शोधा.