झाडाची ओळख आणि ओळखीचे ग्रंथ

गेल्या दसऱ्यास मंडईच्या दारांत विकावयास मांडलेल्या ‘सोन्याच्या’ जुड्या आम्हीं एक एक उलगडून पाहिल्या. प्रत्येक पान टोंकाशीं दुभंगलेलें होतें. आणि दुभंगलेलें पान म्हणजे आपटा, एवढेंच विकणारास व घेणारास ठाऊक असल्यामुळें कोणास कसलीच शंका आली नाहीं. परंतु त्या जुड्यांपैकीं बहुतेक आपट्याच्या नव्हत्या, कांचनाच्या होत्या. एका जुडींत तर जांभळ्या फुलाची कळीहि होती. आपट्याचीं फिकट पिवळसर, बारीक फुलें लांब मंजरींतून उन्हाळ्यांत येतात. आश्विनांत तो फुलत नाहीं. जांभळ्या फुलांचा कांचन मात्र नेमका दसऱ्याच्या सुमारास फुलूं लागतो. म्हणजे चूक उघडी करणारा पुरावा त्या जुडींतच बांधलेला होता. तो वाचणारा कोणी नव्हता.

वास्तविक हीं दोन झाडें वेगळीं ओळखणें कठीण नाहीं. आपट्याचें पान लहान, जाडसर, लांबीपेक्षां रुंदीला अधिक आणि खालच्या अंगास किंचित् लवदार असतें. कांचनाचें पान त्याहून बरेंच मोठें, तळहाताएवढेंहि होणारें. आपट्याची शेंग काळसर, जाड, कोयत्यासारखी वांकडी असून आपण होऊन उकलत नाहीं. कांचनाची चपटी शेंग वाळली कीं तडकून उकलते. पान, फूल व फळ मिळून चार वाक्यांचें हें ज्ञान आहे. तें ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोनें वांटलें जातें त्या घरांतहि नसावें, आणि त्या अज्ञानापायीं दर वर्षीं एकाऐवजीं दोन जातींच्या झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जाव्या, याचा दोष केवळ वाचकांच्या अनास्थेवर ढकलून चालणार नाहीं. त्यांतला मोठा वांटा वृक्षपरिचयाच्या ग्रंथांकडे जातो असें आम्हांस वाटतें. आणि म्हणूनच इतर वाङ्मयाप्रमाणें या वाङ्मयाचीहि गुणदोषचर्चा व्हावयास हवी.

आपल्या प्रांतापुरतें पाहतां या वाङ्मयांतील अग्रमान थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाला द्यावा लागेल. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ सालीं निघाला होता. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९०१ ते १९०८ या काळांत, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या कुक यांनीं आपला ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९०९ व १९११ सालीं टॅल्बट यांचा वनवृक्षांवरील सचित्र ग्रंथ दोन खंडांत आला. कुक यांच्या ग्रंथाची भाषा इंग्रजी, परिभाषा लॅटिन, आणि रचना बेंथॅम व हूकर यांच्या वर्गीकरणास धरून. तथापि त्याचा खरा मोठेपणा एका बारीकशा खुणेंत आहे. वनस्पति कोठें सांपडली तें सांगतांना कुक स्थळापुढें गोळा करणाराचें नांव देतात, आणि त्या नांवापुढें उद्‌गारचिन्ह घालतात. हें चिन्ह आश्चर्याचें नव्हे. ‘हा नमुना मीं स्वतः पाहिला आहे’ एवढाच त्याचा अर्थ. जेथें पाहिला नाहीं, तेथें चिन्ह नाहीं. डॅल्झेल, स्टॉक्स अशा साहेबी नांवांच्या रांगेंत कानिटकर व भिवा हीं आपल्या माणसांचीं नांवेंहि या चिन्हासह उभीं आहेत. पाहिलेलें आणि ऐकलेलें यांत इतकी स्पष्ट रेघ ओढणारें लेखन आपल्याकडे फार थोडें आहे.

परंतु ज्याच्या हातीं झाडाची डहाळी आहे आणि मनांत केवळ जिज्ञासा आहे, अशा गृहस्थाला हा ग्रंथ दार उघडीत नाहीं. त्याच्या कोष्टकांत शिरावयाचें तर पाकळ्या सुट्या कीं जोडलेल्या, पुंकेसर किती, बीजकोश कोठें, अशा प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागतात. शास्त्रदृष्ट्या हें योग्यच आहे. कारण पान हवापाण्याप्रमाणें बदलतें, फुलाची घडण तितकीशी बदलत नाहीं. पण बहुतेक झाडें वर्षांतून कांहीं आठवडेच फुलतात, आणि माणूस तर बाराहि महिने त्यांच्याखालून जातो. फाल्गुनांत केशरी ज्वाळांनीं पेटलेला पळस दाखवितां येणार नाहीं असा माणूस विरळा. तोच पळस श्रावणांत हिरव्या पानांनीं भरला कीं त्याच्या शेजारीं उभे राहूनहि आपण त्याला विचारीत नाहीं. पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें फुलतात त्या वेळीं बहुधा निष्पर्ण असतात. तेव्हां त्यांचें फूल ओळखणारास त्यांचें पान ओळखण्याची संधि त्याच दिवशीं मिळत नाहीं.

अलीकडील रंगीत छायाचित्रांच्या लोकप्रिय पुस्तकांनीं हा दोष काढावयाचा, तों त्यांतील पुष्कळांनीं तो वाढविला. फुलाच्या रंगावरून प्रकरणें पाडावयाचीं, पानभर फूल छापावयाचें, आणि पानाची बोळवण ‘हिरवें, लांबट’ अशा दोन शब्दांनीं करावयाची! कुक यांचें पुस्तक निदान आपण तज्ज्ञांसाठीं आहों हें लपवीत नाहीं. ही पुस्तकें सर्वांसाठीं असल्याचें सांगतात आणि वर्षाचे दहा महिने मुकीं राहतात.

वस्तुतः पानापासून आरंभ करण्याची रीत आपल्या भाषेला मुळींच परकी नाहीं. ‘पळसाला पानें तीन’ ही म्हण आपण जगाची रीत सर्वत्र सारखीच, या अर्थीं वापरतों. परंतु ज्यानें ती प्रथम उच्चारली त्याचें निरीक्षण पक्कें होतें. शास्त्र त्यांत एवढीच दुरुस्ती करील कीं, हीं तीन पानें नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका होत. ओळखावयाचें कसें? देंठ फांदीस जेथें मिळतो त्या बगलेंत डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेंत तो नसतो. हा एक नियम लहान मुलासहि पांच मिनिटांत शिकवितां येतो, आणि तो कळल्यावर अर्ध्या झाडांचें कोडें सोपें होतें.

परंतु म्हणीवर विसंबून राहिलें तर घोंटाळा होतो; कारण तीन पर्णिका बेलालाहि आहेत, पांगाऱ्यालाहि आहेत आणि वायवर्णालाहि आहेत. तेव्हां पुढची पायरी तुलनेची. पर्णिका चुरगाळून वास आला आणि फांदीवर सरळ कांटे असले तर बेल. फळ पाहिलें तर त्याचें कठीण कवच शंका ठेवीत नाहीं. पर्णिका रुंद, जवळजवळ त्रिकोणी, आणि सालीवर आंखूड कांटे, तर पांगारा. त्याची शेंग बियांच्या मधोमध आंवळलेली असते. पर्णिका चामड्यासारखी चिवट, मधली सर्वांत मोठी, टोंक बोथट आणि कांटा नाहीं, तर पळस. त्याच्या चपट्या शेंगेंत टोंकाशीं एकच बी असतें. कांटा नाहीं, पर्णिका टोंकदार, आणि पांढरीं फुलें पिवळीं पडत जाऊन त्यांतून लांब केसर बाहेर डोकावतात, तर वायवर्ण. एका म्हणीच्या उंबरठ्यावरून चार झाडें अशीं घरांत घेतां येतात. अशा सारख्या दिसणाऱ्या झाडांना शेजारीं शेजारीं उभें करणें हें परिचयग्रंथाचें पहिलें कर्तव्य. आणि बहुतेक ग्रंथ त्यांना वर्णानुक्रमानें एकमेकांपासून शंभर पृष्ठें दूर नेऊन ठेवतात.

नांवांच्या बाबतींत तर दोष ग्रंथकारांचा एकट्याचा नाहीं, कविमंडळींचाहि आहे. सुंदरीच्या पदाघातानें अशोक फुलतो हा संकेत संस्कृत काव्यांतून आला. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त तर त्यावर कथानकच गुंफलें आहे. तो अशोक म्हणजे संयुक्त पानांचा, कोंवळेपणीं तांबूस पालवी खालीं लोंबविणारा, नारिंगी फुलांचे गुच्छ खोडावरहि धरणारा आणि ते पुढें लाल करणारा सीताअशोक. त्या फुलास पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखें दिसतें तें रंगीत पुष्पकोशाचें अंग होय. आज शाळांच्या व बंगल्यांच्या कुंपणाशीं जो उंच, निमुळता ‘अशोक’ उभा दिसतो त्याचीं पानें साधीं व कडांना लहरी, फुलें हिरवटपिवळीं, सहा पाकळ्यांचीं, आणि फळें झुपक्यांनीं येणारीं, तो आसुपालव. सीताअशोक शेंग धरणाऱ्या कुळांतला, आसुपालव सीताफळाच्या. एकाचें काव्य दुसऱ्याच्या सांवलींत शिकविलें जात आहे, आणि मुलें ‘अशोक फुलला’ हें वाक्य ज्या झाडाकडे पाहून वाचतात त्याचें फूल पानांत दिसतहि नाहीं.

यावर कोणी म्हणतील, मग लॅटिन नांवेंच शिकवा. तीं तरी स्थिर. तींहि स्थिर नाहींत. हा आसुपालव वर्षानुवर्षें पॉलिआल्थिया म्हणून लिहिला गेला. आतां तो मोनून झाला. उलट देशी नांवांत कित्येकदां नातें शाबूत असतें. कोठें ऐन तर कोठें सादडा म्हटलेलें झाड एकच, आणि त्याचा जवळचा भाऊ तो अर्जुनसादडा. या दोहोंत मात्र पान, फूल, फळ हें त्रिकूटच तोकडें पडतें: दोघांच्याहि पानांना देंठाजवळ गांठी, दोघांच्याहि फळांना पांच पंख. तेथें सालीकडेच वळावें लागतें. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी काळपट व भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी. आणि अर्जुन बहुधा नदीओढ्याच्या कांठीं. ज्या ग्रंथांत सालीला स्थान नाहीं त्याच्यावर विसंबून रानांत जाऊं नये.

झुडुपांची उपेक्षा तर याहून मोठी. सह्याद्रीच्या उतारांवर माजलेली कारवी साधारणतः ७-८ वर्षांनीं एकदां फुलते. फुलावरूनच ओळख सांगणारा ग्रंथ हातीं धरणारानें तोंवर काय करावें? तिचीं समोरासमोर येणारीं, खरखरीत, दांतेरी पानें सांगितलीं असतीं तर पहिल्याच पावसाळ्यांत काम झालें असतें. करवंदीचेंहि तसेंच: समोरासमोर पानें, दुधी चीक आणि जोडीनें येणारे बळकट कांटे, एवढ्यावर ती फुलाफळांवांचून ओळखतां येते. पुस्तकांत त्या जागीं बहुधा घाणेरीचें रंगीत चित्र असतें. आणि ती तर अमेरिकेंतून येऊन आपल्या झुडुपांची जागा बळकावून बसलेली.

तेव्हां मराठी कुटुंबाच्या हातीं द्यावयाच्या ग्रंथाकडून आमच्या अपेक्षा थोड्याच आहेत. त्याची पहिली किल्ली पानाची असावी. फूल आणि फळ यांची साक्ष त्यामागून, महिन्यासह यावी. साल व स्थळ विसरलें जाऊं नये. जुळीं दिसणारीं झाडें एका पृष्ठावर यावीं. आणि नांव देतांना तें कोणत्या भागांतलें तें सांगावें. कुक यांच्याकडून मात्र एक गोष्ट जशीच्या तशी घ्यावी. असा ग्रंथ निघेल तेव्हां त्याच्या प्रत्येक पृष्ठास रुंद समास असावा, आणि वाचकानें झाड स्वतः पाहिल्यावरच तेथें आपलें उद्‌गारचिन्ह घालावें. आमच्या जुन्या वहींत आपट्यापुढें तें चिन्ह फार वर्षांपूर्वीं घातलेलें होतें. मंडईंतून परत आल्यावर आम्हीं तें खोडलें; गांवाबाहेरच्या टेकडीवर, काळ्या वांकड्या शेंगा अंगावर घेऊन उभ्या असलेल्या एका ठेंगण्या झाडापाशीं जाऊन आल्यानंतर तें पुन्हां घातलें. पान मात्र एकहि तोडलें नाहीं.