पाँपीच्या कपाळावरची बट

कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक संग्रहालयात रोमन सेनानी पाँपीचे संगमरवरी मस्तक आहे. गोबरे गाल, बारीक डोळे, कपाळावर आठ्या. एखाद्या सुखवस्तू सावकाराचा वाटावा असा चेहरा. त्यावर कपाळाच्या मध्यातून उसळून वर गेलेली केसांची बट मात्र थेट अलेक्झांडरच्या शिल्पांतून आलेली.

चेहरा आणि केस यांचा मेळ बसत नाही. शिल्पकाराने पाँपीचे हसे केले, असे वाचन त्यामुळे सहज सुचते. छायाचित्रांवरून अभ्यास करताना मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. आज मला ते चुकीचे वाटते.

प्रजासत्ताक रोममध्ये आठ्या आणि ओघळलेले गाल हे व्यंग नव्हते. प्रौढ, अनुभवी नागरिकाची ती प्रतिष्ठा होती. म्हणजे हा साधा चेहराही एक दावाच आहे : मी तुमच्यातलाच एक. वरची बट म्हणते : मी तुमच्यासारखा नाही. पाँपीचे राजकारण याच दोन दाव्यांवर उभे होते. पूर्वेकडची मोहीम जिंकून इ.स.पू. ६२ मध्ये तो इटलीत उतरला आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध त्याने सैन्याला घरी पाठवले. पुढच्याच वर्षी विजययात्रेत त्याने घातलेला झगा अलेक्झांडरचा असल्याचे सांगितले जात होते. इतिहासकार अ‍ॅपियनचा त्यावर विश्वास नव्हता. पहिली कृती या चेहऱ्याची, दुसरी या बटेची.

विसंगती तेव्हाही लपलेली नव्हती. अलेक्झांडरशी त्याचे साम्य दिसण्यापेक्षा बोलले जास्त जाई, असे प्लुटार्क नोंदवतो.

आणखी एक सावधगिरी हवी. ही प्रत इ.स.च्या पहिल्या शतकातली, पाँपीच्या मृत्यूनंतरची आहे. ती लिकिनियस घराण्याच्या समाधीत सापडली, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सांगितले गेले. त्यावरून वंशजांनी जपलेल्या पूर्वजाची हृद्य कथा रचता येते. पण २००३ मध्ये याच संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्या समाधीच्या हकिकतीवरच प्रश्न उभे केले. ती कथा बाजूला ठेवली, तरी दगड उरतो.

चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याची आपली सवय जुनी आहे. रोमन व्यक्तिशिल्पापुढे ती फसते. इथे स्वभाव शोधण्याआधी विचारावे : या माणसाला कोणासमोर कसे दिसायचे होते?