चौदाव्या वर्षी कुणाला हसायचं?

गेल्या जूनमध्ये माझ्या भाच्याचा आवाज फुटला. वर्गात उभं राहून धडा वाचताना मध्येच चिरकला, सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून पोरगं गप्पच झालं. आठवड्याभरानं मला म्हणाला, "मामा, काहीतरी विनोदी वाचायला दे ना. मराठी असलं तरी चालेल."

'तरी' हा शब्द टोचला, पण संधी सोडायची नव्हती. मी 'बटाट्याची चाळ' काढून दिलं. चार दिवसांनी पुस्तक परत आलं. "उपासाचं भारी आहे," तो म्हणाला, "पण यात सगळे काकालोकच आहेत."

मला राग आला. आमच्या घरात पु.लं.बद्दल असं कुणी बोलत नाही. पण विचार केल्यावर पटलं. त्या पुस्तकातल्या हसण्याखाली एक जग संपत चालल्याची हुरहुर आहे. चाळीत कधी पाऊल न टाकलेल्या, फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला ती कुठून जाणवणार?

मग मी एक जुना विनोदी कथासंग्रह दिला. लेखकाचं नाव सांगत नाही. त्यात जाड बायको होती, काळी मुलगी होती आणि एक तोतरा माणूस होता. तोतऱ्याच्या गोष्टीवर भाच्यानं पुस्तक मिटलं. कारण विचारायची मला गरज पडली नाही. ज्याच्या आवाजाला अख्खा वर्ग हसलाय, त्यानं तोतऱ्याला का हसावं? हेच पुस्तक मी त्याच्या वयात खो खो हसत वाचलं होतं, हे आठवून मलाच कसंतरी झालं.

इथं मला एक गोष्ट कळली. किशोरवयात विनोद नुसता करमणुकीला लागत नाही. आपण सतत हास्यास्पद ठरतोय असं वाटण्याचं ते वय. त्या वयाला असा निवेदक हवा, जो स्वतःच फजीत होतो आणि तरी ताठ मानेनं सगळं सांगत राहतो. इंग्रजीत स्यू टाउनसेंड यांनी 1982 साली एड्रियन मोल नावाच्या पावणेचौदा वर्षांच्या मुलाची डायरी लिहिली. तो स्वतःला मोठा विचारवंत समजतो. त्याच्या लक्षात न येणारं वाचकाला दिसत राहतं, आणि तरी आपण त्याच्याच बाजूनं असतो.

मराठीला ही युक्ती नवी नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव अगदी गंभीरपणे स्वतःची फटफजिती सांगतो. पण तो पडला संसारी माणूस. या वयाची मराठी पुस्तकं शोधताना मला जी दोन सापडली, ती विनोदी म्हणून कुणी विकतच नाही.

पहिलं मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. सिनेमा आल्यापासून ती प्रेमकथा म्हणूनच ओळखली जाते. पण नववीतला मुकुंद जोशी घरच्यांविषयी, मास्तरांविषयी आणि आपल्या टोळीविषयी जे सांगतो, ते वाचून बघा. शिरोडकर दिसल्यावर होणारी त्याची तारांबळ हसवते, पण लेखक त्याची टिंगल करत नाही. दुसरं प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास'. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन कानडी वळणाच्या मराठीत बोलतो आणि आकडे मनसोक्त फुगवतो. त्याचं एकटेपण त्या फुगवण्याच्या आडूनच कळतं. सोबतीला द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीच्या गोष्टी ठेवा. बाबू पैलवान आणि नाना चेंगट यांच्या रिकामटेकड्या गप्पा वाचताना भाच्याला त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला.

तक्रारही आहेच. 'शाळा'त मुली लांबूनच दिसतात. त्यांना काय हसू येतं, हे मुकुंदाला माहीत नाही, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही. तो काळ आणीबाणीचा आहे. आजचे क्लास, फोन, स्क्रीनशॉट या पुस्तकांत असणं शक्यच नाही. लहानांसाठी 'बोक्या सातबंडे' आहे, मोठ्यांसाठी पु.ल. आहेत. मधल्या वयाच्या हातात मात्र आपण स्पर्धा परीक्षेचं नाहीतर थोरांच्या चरित्राचं पुस्तक देतो. तेरा ते सोळा म्हणजे संस्कारांचं वय, अशी आपली ठाम समजूत आहे. त्यात हसणं बसत नाही.

परवा भाच्यानं 'शाळा'तलं एक पान मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्येच आवाज चिरकला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, स्वतःच हसला आणि पुढं वाचू लागला.

नववीतल्या मुलीनं स्वतः सांगितलेली अशी फजिती मला अजून मराठीत सापडलेली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या फोनमधल्या नोट्समध्ये ती अर्धवट पडून असेल, तर कृपा करून पुरी करा. माझी भाची पुढच्या वर्षी तेराची होतेय.