सेल्फ मारते, स्टार्ट होत नाही

‘सेल्फ मारते, पण स्टार्ट होत नाही.’ मालकाने एवढं सांगितलं की जाणत्या मिस्त्रीचं बरंचसं काम तिथेच हलकं होतं. बॅटरीत दम आहे, सेल्फ धड आहे, इंजिन जाम नाही. उरलं पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन आणि या तिघांची वेळ. नाशकात द्वारकेजवळच्या एका गॅरेजात, ऐन श्रावणात, एका प्रीमियर पद्मिनीवर हा शोध चाललेला मी उभ्याउभ्या पाहिला. कवितेच्या ओळी सावकाश वाचाव्यात तितक्या बारकाईने पाहावं असं ते काम होतं.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटरची. बॉनेट उघडलं की पेट्रोलची वाट आणि करंटची वाट दोन्ही डोळ्यांनी शेवटपर्यंत धरता येतात. कुठल्याही सांध्यावर थांबून विचारता येतं, इथवर आलं का?

मिस्त्रीने पाना उचललाच नाही. ‘साहेब, मारा सेल्फ,’ म्हणाला आणि मान कलती करून ऐकत राहिला. घरघर एका लयीत होती. एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर आवाज लंगडला असता, ठरावीक ठोक्याला मोकळा पडला असता. मारुती ८०० सारख्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला की सेल्फ नेहमीपेक्षा हलका पळतो; पद्मिनीला मुळात बेल्ट नाही, चेन आहे. कॉम्प्रेशनचा संशय कानानेच बाजूला पडला.

मग एक प्लग काढला. टोक ओलं, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. टाकी, पेट्रोल खेचणारा एसी पंप, कार्बोरेटर यांना त्याने बोटही लावलं नाही, आणि या शोधातली मला सर्वांत देखणी वाटलेली जागा हीच. कितीतरी गॅरेजांत याच क्षणी कार्बोरेटर खोलला जातो, कारण ‘कचरा आला असेल’ हे उत्तर कायम तयार असतं. ओल्या प्लगने सांगितलेलं ऐकून पुढे जायला संयम लागतो. प्लग कोरडा असता तर पंपाच्या पुढची नळी काढून बाटलीत धरली असती आणि सेल्फवर पेट्रोल उडतंय का पाहिलं असतं. मे महिन्यात कसारा घाटात तापून बंद पडलेल्या जुन्या गाड्यांचे प्लग असेच कोरडे मिळायचे. पंपातलं पेट्रोल वाफ होऊन बसलेलं असायचं, म्हणून लोक पंपावर ओलं फडकं टाकून थांबत.

आता करंट. डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये, जाणारी कॉइलची वायर उपसून त्याने टोक ब्लॉकपासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरलं. ‘मारा.’ ठिणगी पडली, पण पिवळी, बारीक, बिनआवाजाची. ती निळी हवी आणि तिचा टक्‌ टक्‌ आवाज यायला हवा. ठिणगी आहे एवढ्यावर पुष्कळजण समाधान मानतात. याने तिचा रंग वाचला.

दोन क्लिपा सोडून डेल्कोचं झाकण निघालं. नाशकाच्या पावसात आतून दमट झालेलं झाकण हा पहिला गुन्हेगार. हे मात्र कोरडं होतं, चीरही नव्हती. खाली पॉइंट. दोन इवल्या धातूच्या टिकल्या, एकीवर खड्डा, दुसरीवर तेवढाच उंचवटा, भोवती जळल्याची काळी कड. इथे थोडं थांबायला हवं. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र भरत असतं; ते उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि १२ व्होल्टच्या गाडीत दहा हजारांच्या पुढचे व्होल्ट उभे राहतात. पेटवणारी ठिणगी जोडण्यातून येत नाही, तुटण्यातून येते. ते तुटणं स्वच्छ व्हावं, पॉइंटवरच ठिणगी उडून जोर वाया जाऊ नये, म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. एका टिकलीवरचा धातू दुसरीवर चढलेला दिसला, म्हणजे बोट या कंडेन्सरकडे जातं.

त्याने पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटरची फट लावली. फट बदलली की टायमिंगही सरकतं. चार सिलिंडरांनी १-३-४-२ याच क्रमाने आणि नेमक्या क्षणी पेट घ्यावा लागतो. म्हणून डेल्को हाताने केसभर फिरवून तेही पाहिलं.

मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या, सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनताना पाहणाऱ्या या शहरात स्कॅनरवाले तरबेज हात पुष्कळ आहेत. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो, पण तोही नुसती दिशा दाखवतो. पेट्रोल आलं का, ठिणगी पडली का, हे विचारणं सुटत नाही. पद्मिनीजवळ ते विचारणारे कान, नाक आणि डोळे लागतात एवढंच.

घासलेल्या पॉइंटवर गाडी पहिल्या सेल्फला लागली. मालकाने पाकीट काढलं. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, पोऱ्याला नवा कंडेन्सर आणायला पिटाळलं आणि सांगितलं, ‘तो बसल्याशिवाय नेऊ नका साहेब, पॉइंट पुन्हा जळतील.’