पांढऱ्या थराखालचं निळं : व्हिक्टोरियन कॅमिओ काचेबद्दल

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कोरीव कॅमिओ काचेचं पुनरुज्जीवन झालं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. त्याची गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगतात. रोमन लोकांची एक कला हरवली होती, ती एका चिकट माणसाने अनेक शतकांनी पुन्हा साधली, मग कारखानदार आले, आम्ल आलं आणि कला बुडाली. ऐकायला ही गोष्ट छान आहे. पण वस्तू समोर ठेवून पाहायला लागलं की आम्हाला ती पटेनाशी होते.

आधी कॅमिओ काच म्हणजे काय ते पाहू. गडद काचेवर, ती गरम असतानाच, दुधी पांढऱ्या काचेचा थर चढवायचा. भांडं थंड झालं की पांढरा थर कोरायला घ्यायचा. चित्रापुरता ठेवायचा, बाकीचा काढून टाकायचा. खरी गंमत पुढे आहे. पांढरा थर जिथे जाड राहतो तिथे उजेड दिसतो, आणि जिथे तो खरवडून पातळ केलेला असतो तिथे खालचा निळा वर झिरपतो. दुधात पाणी जास्त झालं की ते निळसर दिसतं ना, तसंच. सावली रंगवावी लागत नाही, ती पातळपणातून येते. आजचा आमचा सगळा निवाडा या एका गोष्टीवर उभा आहे, तेव्हा ती लक्षात असू द्या.

या तंत्राचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला पोर्टलंड कलश. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा, जेमतेम २५ सेंटिमीटर उंच, गडद निळ्यावर पांढरा. १७९० मध्ये जोसाया वेजवुडने त्याची मातीतली नक्कल लोकांसमोर ठेवली. चार वर्षं खपून केलेलं ते काम मोठंच होतं. पण मातीचं पांढरं ते पांढरंच राहतं, त्यातून खालचं काही दिसत नाही. वेजवुडच्या आकृत्या सुंदर आहेत, पण जमिनीवर चिकटवल्यासारख्या वाटतात. पुढे १८४५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने म्युझियममध्ये शिरून मूळ कलशच फोडला. त्याचे तुकडे जोडले गेले, पण काचेत नक्कल करायची ओढ त्यानंतर आणखी वाढली. स्टाउरब्रिजचे काचकारखानदार बेंजामिन रिचर्डसन यांनी त्यासाठी १००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, असं सांगितलं जातं.

इथे 'पुनरुज्जीवन' या शब्दाबद्दल थोडं कुरकुरायचं आहे. चीनमध्ये अठराव्या शतकापासून तपकिरीच्या कुप्यांवर थरावर थर देऊन काच कोरली जात होती. बोहेमियातही रंगीत थर कापायचं काम चालूच होतं. तेव्हा कला जगातून नाहीशी झाली होती असं नाही. इंग्लंडला ती रोमन नावाने हवी होती. त्यालाही कारण आहे. रस्किनने १८५० च्या दशकात कापीव काचेला रानटी ठरवलं होतं. काच फुंकावी, कापू नये, असं त्याचं म्हणणं. रोमन कलशाचं नाव घेतलं की काच कोरायला पुन्हा प्रतिष्ठेची वाट मिळत होती.

आता जॉन नॉर्थवुडकडे येऊ. जन्म १८३६, काम स्टाउरब्रिजजवळच्या वर्ड्स्लीचं. १८७३ मध्ये त्याचा एल्गिन कलश पुरा झाला. त्यावर पार्थेनॉनचे घोडेस्वार आहेत, पण काच एकरंगी, पारदर्शक. मग फिलिप पार्जेटरने पोर्टलंड कलशाची नक्कल त्याच्याकडे सोपवली. कोरं भांडं पार्जेटरच्या रेड हाउस कारखान्यात तयार झालं, आणि ते फुंकणाऱ्याचं नाव होतं डॅनियल हँकॉक्स. हे नाव आम्ही मुद्दाम घेतोय, कारण एरवी सगळं श्रेय कोरणाऱ्याकडेच जातं. दोन काचा एकमेकींवर बसवल्या की थंड होताना दोघींनी सारखंच आकसायला हवं. एकीने जरा जास्त ओढ घेतली की आत ताण साठतो, आणि तो कधी फुटेल ते सांगता येत नाही. या नकलेलाही काम संपायच्या आधी तडा गेला. नॉर्थवुडने तो तडा तसाच ठेवून पोलादी टोकांच्या हत्यारांनी काम पुढे नेलं आणि १८७६ मध्ये संपवलं. मूळ कलश जोडलेला, नक्कल तडकलेली. अशी ही जोडी आहे. नक्कल आज अमेरिकेत, कॉर्निंगच्या काच संग्रहालयात असते.

हे काम कसं आहे? हात थक्क करणारा आहे. कापडाच्या चुण्यांत निळा हळूहळू वर येतो आणि वेजवुडला न सापडलेली सावली इथे आहे. पण हा हात आज्ञाधारक आहे. इथे चुकायची मुभा नाही, त्यामुळे ठरवायचीही नाही. नॉर्थवुडला स्वतःचं काही सांगायचं होतं का, हे या कलशावरून कळत नाही. थॉमस वेब कंपनीच्या वेब यांच्यासाठी केलेल्या आणि १८८२ मध्ये संपलेल्या पेगासस कलशात ते थोडं कळतं. तरी तिथेही प्राचीन शिल्पांचा दरारा सुटत नाही.

मग आम्लाचं पाप किती? नेहमीच्या गोष्टीत इथूनच ऱ्हास सुरू होतो. पण हाच नॉर्थवुड १८६० च्या दशकात आम्लाने काचेवर नक्षी उठवायची यंत्रं बनवत होता, त्याचा धंदाच तो होता. हाताचा साधू आणि आम्लाचा सैतान अशी दोन माणसं इथे नाहीत, माणूस एकच आहे. आम्ल काय करतं ते नीट बघा. चित्राच्या भागावर आम्लाला दाद न देणारा लेप लावतात आणि भांडं हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवतात. उघडा भाग खाल्ला जातो, पण सगळीकडे जवळपास सारखाच. त्यातून पायरी मिळते, उतार मिळत नाही. आणि पातळ होत जाणारी सावली म्हणजे उतारच! जमीन मोकळी करायला आम्ल वापरलं तर काही बिघडत नाही, ते हमालीचं काम आहे. बिघडतं ते उताराचं काम कोणी करतच नाही तेव्हा. १८८० च्या दशकात मागणी वाढली आणि फुलापानांच्या कुप्या, अत्तरदाण्या भराभर निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींवर पांढरं एकाच जाडीचं आहे, वर फिरत्या तांब्याच्या चकतीने चार शिरा ओढल्या की झालं. अशा कुपीत खालचा निळा नुसता पाठीमागचा पडदा असतो. त्याऐवजी निळ्या मातीवर पांढरं फूल चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

जॉर्ज वुडॉलचं काय? त्याने आणि त्याचा भाऊ थॉमस याने नॉर्थवुडच्या हाताखाली शिकून पुढे वेबकडे कारागिरांचा मोठा ताफा सांभाळला. जॉर्जला उतार पुरेपूर येत होता. त्याच्या नायिकांच्या तलम वस्त्रातून अंग दिसतं, ते फक्त पांढऱ्याच्या जाडीवर. आजही अनेक जाणकार त्याला या कलेचं शिखर मानतात. आम्ही मानत नाही. १८९८ चं 'मूरिश बेदर्स' हे मोठं तबक घ्या. कमानी, हौद, दूरवर जाणारं अंतर, सगळं काचेत कोरलेलं आहे. पण डोळा त्या अंतरात निघून जातो आणि काच विसरतो. पोर्टलंड कलशावर आकृत्या भांड्याच्या पोटाभोवती वळतात, कलश फिरवला की बदलतात. वुडॉलचं तबक म्हणजे भिंतीवरची खिडकी. ते तैलचित्राशी स्पर्धा करतं आणि जिंकतही नाही.

एक अडचण मान्य करायला हवी. तुम्ही हे सगळं पडद्यावर पाहताय, आणि पडद्यावर वुडॉल नेहमी जिंकतो. फोटोत जाडी कळत नाही, चित्र तेवढं कळतं. आमचंही मत फोटो पाहून बनलेलं असताना वेगळंच होतं. त्यामुळे आमच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. संधी मिळेल तेव्हा कपाटापुढे जरा वाकून, कडेने बघा.

१९११ च्या सुमारास वुडॉल कारखान्यातून निवृत्त झाला आणि मोठी कामं जवळजवळ थांबली. त्याच्या कामांवर त्याची सही आहे. ज्यांनी लेप लावले, आम्लाच्या टाक्यांपाशी उभं राहून वाफा घेतल्या, कोरी भांडी फुंकली, त्यांच्या सह्या नाहीत. हँकॉक्सचं नाव उरलं, कारण त्याने फुंकलेला कलश प्रसिद्ध झाला.

बरं, आता दिवे लावूया. शेवटच्या दोन चित्रांबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आधी ते घेऊ.