आरेखनाची भाषा : फर्ग्युसन यांच्या ‘अशाब्द विचारा’ची मीमांसा

यूजीन फर्ग्युसन या अमेरिकन तंत्रेतिहासकारांचा ‘एंजिनिअरिंग अँड द माइंड्स आय’ हा ग्रंथ 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे बीज त्यांच्या 1977 मधील ‘सायन्स’ नियतकालिकातील निबंधात आहे. अभियंत्याचा विचार मुख्यत्वे शब्दांतून किंवा समीकरणांतून चालत नसून मनश्चक्षूंपुढील आकृतींतून चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणाने गणिती विश्लेषणाला झुकते माप दिले आणि आरेखनाची उपेक्षा केली. संगणकामुळे ही उपेक्षा अधिकच वाढली, असे या ग्रंथाचे थोडक्यात प्रतिपादन आहे. ड्रॉइंग बोर्ड आणि संगणक यांच्या वादात बोर्डाची बाजू घेणाऱ्यांना हा ग्रंथ मोठाच आधार वाटतो. तथापि या विचाराला ‘अशाब्द’ म्हणून ग्रंथकार थांबतात, आणि तेथेच त्यांच्या मीमांसेतील उणीव आहे. जे अशाब्द ते भाषेच्या कक्षेबाहेरचे, असे मानण्याचे कारण नाही.

तांत्रिक आरेखन ही संकेतबद्ध चिन्हव्यवस्था आहे. दिसणारी कड अखंड रेघेने, झाकलेली कड तुटक रेघेने आणि मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांच्या बारीक रेघेने दाखवावयाची, हे नियम वस्तूत नसतात; ते वाचणाऱ्यांच्या समाजात असतात. प्रक्षेपाची पद्धती पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. प्रथमकोन पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली मांडतात. अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीयकोन पद्धतीत ते वर मांडतात. बाजूच्या दृश्यांच्या जागाही अशाच उलटतात. पद्धती ओळखण्यात चूक झाली तर डाव्या अंगाचा भाग उजव्या अंगाचा होऊन कारखान्यातून बाहेर पडू शकतो. पदक्रम बदलताच अर्थ बदलावा, तसाच हा प्रकार आहे. गास्पार मोंझ यांनी 1795 मध्ये पॅरिस येथे ज्या वर्णनात्मक भूमितीची जाहीर व्याख्याने दिली, तिचे कार्य एका अर्थी या भाषेचे व्याकरण बांधण्याचे होते.

ग्रंथकारांनी रेखाटनाचे जे तीन प्रकार केले आहेत, ते त्यांच्या ‘अशाब्द’ या विशेषणाहून अधिक मोलाचे आहेत. स्वतःशी विचार करताना काढलेले, सहकाऱ्याशी बोलता बोलता काढलेले आणि कारागिराला काय करावयाचे ते सांगण्यासाठी काढलेले, असे हे तीन प्रकार होत. हे वर्गीकरण प्रयोजनावर आधारलेले आहे, आणि एकच भाषा प्रयोजनानुसार निरनिराळी रूपे घेते, हे भाषाभ्यासकाला नवे नाही. हात की यंत्र, हा प्रश्न एकदम न विचारता या तिन्ही रूपांबाबत वेगवेगळा विचारावयास हवा होता. तो तसा विचारलेला नाही.

पहिल्या रूपाबाबत विनोद गोएल यांच्या ‘स्केचेस ऑफ थॉट’ (1995) या ग्रंथाचे साहाय्य होते. नेल्सन गुडमन यांच्या चिन्हमीमांसेच्या आधारे त्यांनी मुक्तहस्त रेखाटन आणि संगणकीय आरेखन यांची प्रयोगाने तुलना केली. मुक्तहस्त रेखाटन अनेकार्थी राहते, आणि त्यामुळे एका कल्पनेवरून शेजारच्या दुसऱ्या कल्पनेकडे जाणे सुलभ होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काव्यशास्त्राने संदिग्धत्व दोषांत गणले. पण विचाराच्या पहिल्या अवस्थेत ते उपकारक ठरते. पेन्सिलीची पुसट रेघ भिंतही असू शकते, पायरीची कडही असू शकते. काढणाऱ्याने अद्याप ठरविलेले नसते आणि कागद त्याला ते ठरविण्याची सक्ती करीत नाही.

संगणक ही सक्ती करतो. 1963 मध्ये आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. त्यातील रेघांना परस्परांशी समांतर किंवा समान होण्याची आज्ञा देता येत असे. शाई आणि कागद यांना स्वतःची अशी रचना नसते, संगणकातील आकृतीला मात्र ती असते, हा भेद पुढे 1975 मध्ये सदरलंड यांनीच स्पष्ट केला. कागदावर चौकोनासारखा दिसतो तो चौकोन. संगणकात चार सुट्या रेघा आणि एक बंद चौकोन या भिन्न गोष्टी होत. कोपरा केसभर उघडा राहिला तर आतील भाग रेघाटण्याची आज्ञा फसते. म्हणजे यंत्राला दृश्य रूपापेक्षा अंतर्गत रचना कळते.

याहून महत्त्वाचा, पण या वादात क्वचितच निघणारा मुद्दा प्रमाणाचा आहे. बोर्डावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी प्रमाण ठरवावे लागते. 1:100 या प्रमाणात 230 मिलिमीटरची विटांची भिंत 2.3 मिलिमीटर होते आणि तिच्यावरचा 12 मिलिमीटरचा गिलावा 0.12 मिलिमीटर होतो. शाईच्या बारीक पेनाची रेघच 0.13 मिलिमीटर असते. गिलावा वगळावाच लागतो. काय सांगावयाचे नाही, हे अशा रीतीने साधनच शिकवीत असे. पडद्यावर वस्तू खऱ्या मापाने काढली जाते, हवी तेवढी मोठी करून पाहता येते, आणि प्रमाण छापतेवेळी ठरते. नवशिक्या विद्यार्थ्याने दाखविलेला सगळा तपशील मग कागदावर एकत्र येऊन काळा पट्टा उमटतो. आकृतीत चूक एकही नसते, पण ती वाचता येत नाही.

तथापि यावरून हाताचे आरेखन सर्वथा श्रेष्ठ ठरत नाही. शासकीय परिभाषेत ‘आरेखक’ आणि ‘अनुरेखक’ ही दोन पदनामे आहेत. ‘अनु’ या उपसर्गातच दुसऱ्याची रेघ गिरविणे आले. बोर्डावरील श्रमाचा मोठा भाग असा गिरविण्याचा, आणि ट्रेसिंग पेपरवरील चुकलेली शाई ब्लेडने खरवडण्याचा होता. शिवाय तलविन्यास, छेद आणि दर्शनी दृश्य ही हाताने स्वतंत्रपणे काढलेली विधाने असत. एकात बदल करून दुसऱ्यात तो करावयाचा राहिला की ती परस्परविरोधी होत. त्रिमितीय प्रतिमानात ही दृश्ये एकाच अंतर्गत रचनेपासून निष्पन्न होतात. 1994 मध्ये प्रथम उडालेल्या बोइंग 777 विमानाचा आराखडा अशा प्रतिमानांवर तयार झाला. कारागिराला उद्देशून केलेल्या आरेखनात यंत्राचा अधिकार मान्य करावाच लागतो.

हार्टफर्डच्या क्रीडागृहाचे उदाहरण या वादात अनेकदा दिले जाते. अमेरिकेतील या इमारतीचे पोलादी जाळीचे छप्पर जानेवारी 1978 मध्ये बर्फाच्या भाराने कोसळले; हजारो प्रेक्षक काही तासांपूर्वीच बाहेर पडले होते. छपराचे गणित संगणकाने केले होते हे खरे. परंतु गणितात दांड्यांना जो आधार गृहीत धरला होता, तो प्रत्यक्ष सांध्यांतून मिळत नव्हता. हा दोष गृहीतक आणि वस्तू यांच्यातील अंतराचा आहे. रेघ पेन्सिलीने ओढली की पडद्यावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. विश्लेषण आणि आरेखन या भिन्न क्रिया एकत्र केल्याने वाद गढूळ होतो.

सारांश, फर्ग्युसन यांची चिंता सार्थ आहे, निदान अपुरे आहे. हाताचे कौशल्य गेले एवढीच हानी नव्हे. प्रमाण निवडणे आणि अनावश्यक ते वगळणे या भाषिक निर्णयांचा अभ्यास अभ्यासक्रमातून नकळत निसटतो आहे. केवळ आज्ञा पाठ केलेला विद्यार्थी वाक्ये जुळवील, पण वाचणारा कोण आहे हे त्याला उमगणार नाही. यावर उपाय टी-स्क्वेअर आणि गुण्या यांच्या पुनरागमनात शोधावयास नको. एकच जिना 1:100 आणि 1:20 या दोन प्रमाणांत काढावयास लावावा, आणि पहिल्यात काय गाळले व का गाळले, हे विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यावे. हा पाठ बोर्डावर देता येतो, तसा पडद्यावरही देता येतो. मात्र बोर्ड तो न सांगता देत असे, पडद्यापाशी तो शिक्षकालाच द्यावा लागेल.